ऑटोमॅटिक गाडीत 'पी' टाकल्यावर हँडब्रेक ओढायचा की नाही?

परशुराम_पायथा

नमस्कार. गणपतीच्या आधी आम्ही ऑटोमॅटिक गाडी घेतली. पेट्रोल, सीव्हीटी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा एक प्रकार), छोटी सेडान. त्याआधी मी मॅन्युअलच चालवत आले, त्यामुळे एक गोष्ट अजून नीट कळलेली नाही.

आमचं घर चिपळूणजवळ. रस्ता वर आणि घर खाली. फाटकातून आत आलं की जांभ्याच्या चिऱ्यांचा उतार सरळ पडवीपर्यंत येतो. दुसरी जागाच नाही, त्यामुळे गाडी तिथंच, नाक पडवीकडे करून उभी असते. सकाळी शाळेत निघताना लिव्हर 'पी' मधून, म्हणजे पार्कमधून, रिव्हर्सला नेला की खालून खाडकन आवाज येतो आणि गाडीला हिसका बसतो. शाळेच्या पटांगणात, सपाटीवर लावलेली असली की काहीच आवाज येत नाही.

गाडी ताब्यात देताना शोरूममधल्या मुलानं सांगितलं होतं, "मॅडम, ऑटोमॅटिकला हँडब्रेक लागत नाही. पी टाका आणि उतरा." दीरांचंही तेच मत. उगाच हँडब्रेक ओढून केबल कशाला ढिली करायची, म्हणतात. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. गाडीतून उतरायचं तर आधी हँडब्रेक, हे त्यांनी मला शिकवलं, आणि माझा हात आपसूक तिकडे जातो.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा आवाज गिअरबॉक्सला इजा करणारा आहे का? दोन्ही लावायचे तर आधी काय, नंतर काय? आणि पावसात हँडब्रेक लावून ठेवला तर चिकटतो म्हणतात, त्याचं काय करायचं? सासूबाई दुपारभर पडवीत बसलेल्या असतात, गाडीच्या बरोबर समोर. त्यामुळे "चालतंय की" एवढ्यावर मला थांबायचं नाही.

सिंहगड_रोड

माझी टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे दुसऱ्या प्रकारची ऑटोमॅटिक गाडी आहे. बेसमेंटला पार्किंग, एकदम सपाट. मी कायम फक्त पी वर लावत आलोय, हँडब्रेकला हात लावत नाही. कधी काही झालं नाही, गाडी तसूभर हलली नाही. पण तुमच्यासारख्या उतारावर रोज लावायचा अनुभव मला नाही. त्यावर जाणकारांनीच बोलावं.

रत्नागिरी_गॅरेज

ताई, तुमच्या वडिलांनी बरोबर शिकवलंय. गाडी ऑटोमॅटिक झाली म्हणून त्यात फरक पडत नाही. फक्त क्रम नीट समजून घ्या, आवाजाचं उत्तर त्या क्रमातच आहे.

आधी पी म्हणजे काय ते सांगतो. लिव्हर पी ला नेला म्हणजे ब्रेक लागत नाही. चाकांपाशी काहीच घडत नाही. गिअरबॉक्सच्या आत एक दातेरी चाक असतं आणि त्याच्या शेजारी बोटाएवढी लोखंडी खिटी. पी टाकला की ती खिटी दोन दातांच्या मध्ये जाऊन बसते आणि गिअरबॉक्स फिरायचा थांबतो. तुमची सीव्हीटी असो, पुण्याच्या साहेबांचा टॉर्क कन्व्हर्टर असो की डबल क्लचवाली डीसीटी, पी आहे तिथं आत अशीच खिटी.

हँडब्रेकचं काम वेगळं. तो केबलनं मागची दोन्ही चाकं धरतो. तुमच्या गाडीला मागे ड्रम असणार. त्यातले लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, ड्रमला दाबून बसतात. म्हणजे पी नं पुढचा गिअरबॉक्स अडतो आणि हँडब्रेकनं मागची चाकं धरली जातात. एकाचं काम दुसरा करत नाही.

आता तुमचा उतार. हजार किलोची गाडी धरा आणि आठ फुटांना एक फूट असा उतार धरा. गाडी खाली जायला साधारण सव्वाशे किलोनं ओढते. तुम्ही पी टाकून ब्रेकवरचा पाय काढलात की गाडी इंचभर पुढे सरकते आणि अडते. तो इंच तुम्हाला जाणवतही असेल. तिथं ही सगळी ओढ चाकातून ड्राइव्हशाफ्टमध्ये, तिथून डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जोडणी) आणि शेवटी त्या एका खिटीवर येते. रात्रभर ती तशीच ताणलेली राहते. सकाळी तुम्ही लिव्हर ओढता तेव्हा दातात दाबून बसलेली खिटी जोरानं निसटते आणि साठलेला ताण एकदम सुटतो, तोच तो खाडकन आवाज. दाराला कोणी आतून रेलून बसलं असेल तर कडी सहज निघत नाही, दार जरा ढकलून धरावं लागतं, तसंच हे आहे.

लगेच गिअरबॉक्स जाईल असं मी म्हणणार नाही. खिटी मजबूत असते. पण रोज तो हिसका खिटीला, दातांना आणि इंजिनाच्या माऊंटिंगला बसतोय, आणि तो टाळायला एक रुपयाही लागत नाही. शिवाय अशा ताणलेल्या गाडीला मागून दुसऱ्या गाडीचा धक्का लागला तर तो झटका सगळा त्या खिटीनंच खायचा. म्हणून घाटातल्या हॉटेलांसमोर, उतारावर नुसत्या पी वर लावलेल्या गाड्या बघितल्या की मला राहवत नाही, मालकाला शोधून सांगतो.

क्रम असा ठेवा. पायानं ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवा. पाय ब्रेकवरच ठेवून लिव्हर न्यूट्रलला आणा. हँडब्रेक नीट वर ओढा. मग पायाचा ब्रेक हळूहळू सोडा. गाडी किंचित बसेल आणि हँडब्रेकवर थांबेल. हे सगळ्यात महत्त्वाचं, इथं घाई करू नका. गाडी थांबली याची खात्री झाली की परत ब्रेक दाबून पी टाका आणि इंजिन बंद करा. आता ओझं हँडब्रेकवर आहे आणि खिटी मोकळी, नुसती पहाऱ्याला बसलेली. निघताना उलट: ब्रेक दाबून इंजिन चालू, पी मधून रिव्हर्स, आणि सगळ्यात शेवटी हँडब्रेक खाली. हँडब्रेक आधी सोडलात तर ओझं परत खिटीवर येईल आणि आवाज तसाच राहील.

केबल ढिली होते म्हणून ओढू नका, हे दीरांनी सांगितलेलं मला पटत नाही. आमच्याकडे केबल बदलायला येतात त्या बहुतेक न वापरल्यामुळे जाम झालेल्या असतात. आवरणात पाणी जातं, आत तार गंजते, आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी लिव्हर हलत नाही किंवा वर ओढलेला खाली येत नाही. वापरून केबल थोडी ताणली जाते हे खरं, पण ती सर्व्हिसिंगला आवळून मिळते. आधी चार-पाच टकटकींवर धरणारा हँडब्रेक नऊ-दहावर जायला लागला की मेकॅनिकला सांगायचं, एवढंच.

पुण्याचे साहेब, सपाट बेसमेंटला तुमचं नुकसान होत नाही हे मान्य. पण गाडी सर्व्हिसिंगला जाईल तेव्हा हँडब्रेक एकदा ओढून-सोडून बघायला सांगा.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो, कारण हे फार लोकांना माहीत नसतं. हातखंब्याच्या अलीकडे एका गिऱ्हाइकाचं पुढचं डावं चाक पंक्चर झालं. रस्ता किंचित उताराचा. ऑटोमॅटिक आहे, पी टाकलाय, म्हणून हँडब्रेक ओढलेला नाही. जॅक लावला, चाक जमिनीवरून सुटलं, आणि गाडी पुढे सरकून जॅकवरून खाली आली. नट काढून चाक नुकतंच बाजूला ठेवलेलं, त्यामुळे डिस्क थेट डांबरावर आपटली. माणूस बाजूला होता म्हणून हात वाचला. मी पोचलो तेव्हा तो सारखा म्हणत होता, पी टाकला होता हो, पी टाकला होता.

टाकलाच होता. पण खिटी गिअरबॉक्स अडवते, चाकं नाही. मध्ये डिफरन्शियल असतो. दोन्ही पुढची चाकं जमिनीवर आहेत तोवर दोन्ही अडलेली. त्यातलं एक हवेत गेलं की ते उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं सुलटं. म्हणजे पी असूनही गाडी मोकळी. त्या वेळी तिला धरणारा एकच, मागचा हँडब्रेक. म्हणून स्टेपनी बदलताना सपाट जागा, हँडब्रेक, पी आणि जॅकच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. यातलं काहीही वगळायचं नाही.

पावसाळ्याचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. आपल्या कोकणात तर फारच. ओले लायनर ड्रमला दाबलेले राहिले आणि गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की ते गंजून चिकटतात. सकाळी गाडी मागून बसल्यासारखी होते, मग कडकन सुटते, कधी लायनरचा तुकडाच निघतो. पण हे बरेच दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीचं. तुम्ही रोज गाडी काढता, तुम्ही बिनधास्त ओढा. पाण्यातून आलात किंवा गाडी धुतलीत तर लावायच्या आधी थोडं अंतर हलका ब्रेक दाबत चालवा, ड्रम कोरडे होतात. सुट्टीत गावाला जाणार असाल तर गाडी सपाट जागी लावा, पी टाका, चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. पडवीसमोरच्या उतारावर मात्र हँडब्रेक सोडून गाडी ठेवायची नाही, कितीही पाऊस असो.

कायद्यातही हे आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६. चालकाच्या जागी लायसन्सवाला माणूस बसलेला नसेल तर सार्वजनिक जागी गाडी उभी करताना इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली हवी. गाडी ऑटोमॅटिक असली तरी तिला त्यातून सूट नाही.

बे_एरिया

काकांनी आतलं सगळं उलगडून सांगितलंय, मी इकडचं थोडं सांगतो. मी कॅलिफोर्नियात राहतो. इथं बहुतेक सगळ्याच गाड्या ऑटोमॅटिक, आणि पी टाकून उतरायची सवय हाडीमाशी भिनलेली. त्याची किंमतही लोकांनी मोजली आहे.

२०२२ च्या जून महिन्यात फोर्डनं अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या. कारण काय, तर गिअरच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जी केबल जाते, तिच्या टोकाचा बुश. तो झिजून निसटू शकत होता. मग लिव्हर पी वर, समोर डॅशवरही पी दिसतोय, किल्ली निघतेय, आणि गिअरबॉक्स मात्र पी मध्ये गेलेलाच नाही. दुरुस्ती होईपर्यंत कंपनीनं मालकांना सांगितलं ते एवढंच, की उतरताना दर वेळी हँडब्रेक लावा. काकांनी खिटीवरच्या ताणाचं सांगितलं, हे त्याच्याही पलीकडचं आहे. खिटी चांगली असली तरी ती बसली की नाही हे ड्रायव्हरला दिसत नाही. हँडब्रेक ओढताना त्याची पकड हाताला जाणवते.

आणि २०१६ मधली अँटन येल्चिन या तरुण नटाची गोष्ट इथं अनेकांच्या लक्षात आहे. लॉस एंजेलिसमध्ये स्वतःच्या घराच्या उतारावर त्याचीच जीप ग्रँड चेरोकी मागे घरंगळत आली आणि फाटकाच्या खांबाशी तो चिरडला गेला. वय २७. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते मॉडेल परत बोलावलेल्या गाड्यांच्या यादीत आलं होतं. त्यातला गिअरचा दांडा प्रत्येक वेळी मधल्या जागी परत यायचा, त्यामुळे पी पडला असं समजून लोक उतरत होते. घराच्याच उतारावर, रोजच्या जागी हे घडलं, म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर मला आधी तेच आठवलं.

तिसरी गोष्ट चाकांची. सॅन फ्रान्सिस्कोत ३ टक्क्यांपेक्षा जास्त उतारावर गाडी लावली तर पुढची चाकं वळवून ठेवणं बंधनकारक आहे, नाहीतर दंड. उताराकडे तोंड असेल तर चाकं फुटपाथकडे. चढाकडे तोंड असेल आणि फुटपाथची कड असेल तर चाकं रस्त्याकडे, म्हणजे गाडी मागे आली तरी चाक कडेला टेकून थांबते. तुमच्या अंगणात एका बाजूला गडगा असेल तर चाकं त्या दिशेला वळवून ठेवा.

परशुराम_पायथा

काका, मनापासून आभार. तुम्ही सांगितलेल्या क्रमानं गाडी लावतेय. न्यूट्रलला हँडब्रेक ओढून पाय सोडला की गाडी किंचित बसते आणि थांबते, ते आता कळतं. सकाळचा आवाज गेला. दीरांनाही शेजारी बसवून दाखवलं, त्यांनी स्वतः करून बघितलं.

बे एरियावाले, आमच्या उजव्या हाताला गडगा आहे, चाकं तिकडे वळवून लावते.

आणखी एक. माझा भाऊ दापोलीला असतो. त्याची एएमटी आहे. त्यात पी च नाही. त्यानं काय करायचं? तो न्यूट्रलला ठेवून नुसता हँडब्रेक लावतो.

सिंहगड_रोड

काका, माझाही एक प्रश्न यातच जोडतो. घरात दुसरी गाडी आलीय, तिला दांड्याचा हँडब्रेक नाही, बटण आहे. शिवाय ऑटो होल्ड आहे. ऑटो होल्डचा हिरवा दिवा लागलेला असताना पी टाकून उतरलं तर चालतं का?

रत्नागिरी_गॅरेज

ताई, भावाला आजच फोन करा. दापोलीत सपाट जागा शोधावी लागते, आणि तो जे करतोय त्यात गाडी एका केबलवर उभी आहे.

एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्याऐवजी यंत्र करतं, एवढाच फरक. आपल्याकडे २०१४ ला सेलेरिओबरोबर ती पहिल्यांदा आली, मग टाटानंही आणली. त्यात आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल) आणि पुढे जायला डी किंवा ए, शिवाय मॅन्युअलचा एम. पी ची खिटी बसवलेलीच नाही. म्हणून जुनी मॅन्युअल गाडी जशी गिअरमध्ये ठेवून उतरायचो तशीच ही ठेवायची. ब्रेक दाबून गाडी थांबवायची, न्यूट्रलला हँडब्रेक ओढून पाय सोडायचा, गाडी बसू द्यायची. परत ब्रेक दाबायचा. नाक चढाकडे असेल तर डी, उताराकडे असेल तर आर टाकायचा. समोर १ किंवा आर दिसला की मगच इग्निशन बंद. इंजिन बंद असताना क्लच जोडलेला असतो, त्यामुळे इंजिनच गाडीला अडवतं.

यात एक गोष्ट त्याला बजावून सांगा. इग्निशन बंद केल्यावर लिव्हर हलवून काही उपयोग नाही. एएमटीत लिव्हर फक्त हुकूम देतो, गिअर यंत्र टाकतं, आणि यंत्राला वीज लागते. न्यूट्रलला बंद केली आणि मग लिव्हर आर ला नेला, तर डोळ्यांना आर दिसेल आणि गाडी न्यूट्रललाच असेल. निघताना ब्रेक दाबून, न्यूट्रलला आणून चालू करायची. आणि चढावर ऍक्सिलेटर देऊन गाडी जागेवर तोलून धरायची नाही, क्लच जळतो. तिथंही हँडब्रेकच.

साहेब, ऑटो होल्ड म्हणजे पार्किंग ब्रेक नाही. ब्रेक ऑइलचा दाब धरून ठेवून ते तुम्हाला सिग्नलला पाय काढू देतं. बऱ्याच गाड्या पट्टा सोडला, दार उघडलं किंवा इंजिन बंद केलं की स्वतःच खरा पार्किंग ब्रेक लावतात, पण ते गाडीगणिक वेगळं आहे. तुम्ही बटण स्वतः ओढा. मागून मोटारीचा घुर्र आवाज येतो आणि लाल दिवा लागतो. तो लाल दिवा बघूनच उतरा. हिरव्यावर उतरू नका. बटणाच्या ब्रेकला तुमच्यासाठी क्रम तोच: न्यूट्रल, बटण, पाय हळूच सोडा, मग पी.

त्यात बॅटरीकडे लक्ष ठेवा. ती पूर्ण उतरली तर तो ब्रेक सुटत नाही, मागची चाकं जाम. दुसऱ्या गाडीवरून जंप देऊनच सोडवावा लागतो. ओढून न्यायला आलेला माणूस जबरदस्ती करायला लागला तर त्याला थांबवा, मागची चाकं घासत नेली की टायर आणि ब्रेक दोन्ही जातात.

ताई, पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉब कार्डवर दोन ओळी लिहून घ्या: मागचे ड्रम उघडून साफ करणे, हँडब्रेक केबल तपासून आवळणे. पावसाळा संपल्यावर हे काम केलं तर उत्तम. आणि गाडी परत आली की घरी न्यायच्या आधी तिथल्याच एखाद्या उतारावर, समोर कोणी नसताना, न्यूट्रलला नुसत्या हँडब्रेकवर उभी करून बघा. पाय ब्रेकच्या वर तयार ठेवा. सरकली तर तिथूनच परत आत द्या.